मैत्रिणीबद्दल दोन शब्द

फोन आला तेव्हा हेमा परचुरे कॉलेजच्या ऑफिसात डबा खात होती. लोणी काळभोरच्या त्या कॉलेजात ती प्रवेशाचं काम बघायची. वारज्याहून रोज सकाळी सगळं शहर ओलांडून जायचं आणि संध्याकाळी तेच शहर पुन्हा ओलांडून घरी यायचं, यातच तिची चाळिशी उलटली होती.

"हाय मॅडम, मी उत्कर्षा बोलतेय, 'निवांत गप्पा' शोमधून," पलीकडून एक तरतरीत आवाज म्हणाला. "मुक्तामॅमची मुलाखत आहे आमच्याकडे. त्यांच्या कॉलेजच्या फ्रेंड म्हणून तुमचा एक छोटासा बाइट हवा होता. मैत्रिणीबद्दल दोन शब्द, बस."

"माझा नंबर कुणी दिला तुम्हाला?"

"मुक्तामॅमनीच. म्हणजे नाव त्यांनी दिलं, नंबर आम्ही शोधला."

हेमाच्या हातातला घास हातातच राहिला. नंबर शोधावा लागला, हे तिला आधी टोचलं. नाव लक्षात होतं, हे त्याहून जास्त टोचलं. तिला नाही म्हणायचं होतं. पण शेजारच्या टेबलावरच्या बायका कान टवकारून बसल्या होत्या, आणि तोंडातून निघालं, "या की रविवारी."

मुक्ता कोण हे कुणाला सांगायची गरज नव्हती. 'येत न्हाई जा' हे तिचं गाणं लग्नाच्या हॉलमध्ये वाजायचं, जिममध्ये वाजायचं, गणपतीच्या मांडवात तर आरतीच्या आधीही वाजायचं. पण हेमाच्या लेखी ती मुक्ता नव्हतीच. ती मुक्ताई होती. अंबाजोगाईकडच्या खेड्यातून आलेली, चुलता मार्केट यार्डात एका आडत्याकडे कामाला म्हणून गुलटेकडीला त्याच्याच खोलीत राहणारी, दोन ड्रेस आलटूनपालटून घालणारी मुक्ताई. हेमा सदाशिव पेठेतली. लहानपणापासून गाणं शिकलेली, गाण्याच्या परीक्षा दिलेली, कॉलेजच्या गायनाच्या चमूत पहिल्या दिवसापासून माइकसमोर उभी राहणारी. मुक्ताई मागच्या रांगेत, कोरसमध्ये.

तिचा आवाज मोठा होता, रानातून हाक मारल्यासारखा, पण सूर कधी वर तर कधी खाली. आणि उच्चार! 'पाणी'चं 'पानी', 'नाही'चं 'न्हाई'. स्पर्धेत परीक्षकांनी हसायला नको म्हणून तालमीच्या दिवसांत हेमाने तिला हाताशी धरलं होतं. कॅन्टीनच्या मागच्या पायऱ्यांवर बसून रोज एकच.

"म्हण, नाही. ना-ही."

"न्हाई."

"अगं, 'न'ला 'ह' का चिकटवतेस? ना-ही."

मग मुक्ताई वैतागून उठायची आणि म्हणायची, "येत न्हाई, जा!"

कितीतरी वर्षांनी नात्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत बसलेली असताना, हेमाने ते शब्द स्पीकरवर ऐकले. आधी वाटलं, भास झाला. मग ढोलकी आली, बेस आला, पोरंपोरी नाचायला उठली, आणि तो रानातला आवाज पुन्हा म्हणाला, येत न्हाई जा. हेमाने समोरचा मठ्ठा बाजूला सारला. आपण जे तिच्या जिभेवरून खरवडून काढत होतो, नेमकं तेच विकून ही मोठी झाली, हे त्या क्षणी तिच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते दुखतच राहिलं.

हे ती कुणाला बोलली नाही. मुक्ताला आपण ओळखतो हेसुद्धा तिने घरी सांगितलं नव्हतं. पण एकदा कपाट आवरताना मुलीच्या, ऋतिकाच्या, हाती कॉलेजचा जुना फोटो लागला. ऋतिका तेव्हा नववीत होती. "आई! ही मुक्ता आहे? तू मुक्ताला ओळखतेस?" असं किंचाळत ती खालच्या मजल्यापर्यंत गेली. झालं. सोसायटीला कळलं, ऑफिसला कळलं. आणि ज्याला त्याला एकच प्रश्न पडला, "मग तुम्ही का नाही हो गात?"

हेमाचं उत्तर ठरलेलं होतं. शेवटच्या वर्षी सुदर्शन नावाच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने दोघींनाही बोलावलं होतं. "पण आमच्या बाबांना पसंत नव्हतं. पेठेतलं घर ते. मुलगी ऑर्केस्ट्रात गाणार म्हटल्यावर झालंच!" ऐकणारे हळहळायचे. बाबा वारले होते, त्यामुळे त्यांना विचारायला कुणी जाणार नव्हतं.

दुपारी ऑफिसात काम नसलं की हेमा फोनवर मुक्ताचे फोटो बघायची. दुबईचा कार्यक्रम, नवी गाडी, कुठल्याशा समुद्रावर पाय पसरून बसलेली मुक्ता. फोटो बघून झाले की ती खालच्या प्रतिक्रिया वाचायची. 'क्वीन', 'लव्ह यू ताई' अशा शेकडो प्रतिक्रियांमधून शोधत शोधत ती एखाद्या शिवीपर्यंत पोचायची. 'हिला गाता येत नाही, नुसती ओरडते,' असं कुणीतरी लिहिलेलं असायचं. तिथे अंगठा दाबला की तिला जेवण पचल्यासारखं वाटायचं.

रविवारी सकाळी कॅमेरावाले आले. हेमाने सोफ्याची कव्हरं बदलली होती, खणाची साडी नेसली होती, आणि ऋतिकाला बजावून आतल्या खोलीत बसवलं होतं. "शूटिंग होईपर्यंत चिमणीएवढाही आवाज नको." श्रीधर, तिचा नवरा, दारात चपला घालता घालता म्हणाला, "माझ्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हासुद्धा ही कव्हरं कपाटातच होती. मुक्ताचा पायगुण चांगला आहे."

"तुम्ही दूध घेऊन या," हेमा म्हणाली.

"आणायला जातोय. परत कधी यायचं ते फोन करून सांग."

उत्कर्षा पंचविशीची, हसरी पोरगी. तिने हेमाला खिडकीशी बसवलं, चेहऱ्यावर दिवा टाकला. हेमाने मनाशी पक्कं ठरवलं होतं. मोजकं बोलायचं, मोठेपणाने बोलायचं. खूप अभिमान वाटतो, कष्टाळू होती, जमिनीवर पाय आहेत, संपलं. सुरुवात तशीच झाली. कोरसची मागची रांग, कॅन्टीनच्या पायऱ्या, 'नाही' आणि 'न्हाई'. उत्कर्षा टाळी वाजवून हसली.

मग तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही लीड सिंगर होता आणि मुक्तामॅम कोरसमध्ये. मग असं उलटं कसं झालं?"

वाईट हेतूने विचारलं नव्हतं. पण 'उलटं' हा शब्द हेमाला असा लागला की तिचं ठरवलेलं सगळं गळून पडलं.

"उलटं कसं झालं ते तिलाच विचारा," ती म्हणाली. "सुरात कधी गायलीच नाही ती. आजही गात नाही. आता कॉम्प्युटरवर सूर सरळ करतात, माहीत आहे ना तुम्हाला? आम्हाला कुणी सरळ करत नव्हतं. आम्ही पहाटे उठून तंबोरा लावत होतो. हिने काय केलं? ओरडली. आणि लोकांना ओरडणंच आवडतं. आणि ते गाणं, ते माझं आहे. 'येत न्हाई जा' हे ती मला म्हणायची, मी शिकवत असताना. त्यात माझं नाव कुठे आहे? दोन ड्रेस होते तिला. माझी ओढणी नेऊन गॅदरिंगला उभी राहिली होती. आज मुलाखती देते, स्ट्रगल, स्ट्रगल. कसला स्ट्रगल? तिला नशीब होतं आणि आम्हाला वडील होते!"

बोलता बोलता तिचा आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं. दिव्याच्या उजेडात ते चमकलं. कॅमेरामन हलला नाही.

"खूप छान झालं, मॅडम," उत्कर्षा जरा थांबून म्हणाली. "एकदम मनापासून."

ते गेल्यावर हेमा स्वयंपाकघरात जाऊन गार पाणी प्यायली. आपण काय केलं हे तिला हळूहळू उमगत गेलं. पुढचे दिवस तिने कसे काढले, तिचं तिला माहीत. चॅनेलला फोन करून ते काढून टाका म्हणावं, असं रोज वाटायचं, आणि रोज ती फोन उचलून खाली ठेवायची. कारण खरं सांगायचं तर एक मन भीत होतं आणि दुसरं वाट बघत होतं. एकदा तरी महाराष्ट्राला कळू दे. एकदा तरी तिचा चेहरा पडलेला बघू दे.

मुलाखत शनिवारी संध्याकाळी होती. शेजारच्या मंदाकिनीकाकू चकल्यांचा डबा घेऊन आल्या, वरच्या मजल्यावरचं जोडपं आलं, सोफा पुरेना म्हणून खुर्च्या मांडल्या. हेमा कडेच्या खुर्चीत बसली.

पडद्यावर मुक्ता आली. मोतिया रंगाची साधी साडी, केस मोकळे, कानात काही नाही. कानात काही न घालता इतकं चांगलं दिसायला किती पैसे लागतात, हे हेमाला कळत होतं. निवेदकाने सगळं विचारलं. पहिला कार्यक्रम, पहिली फसवणूक, मोडलेलं लग्न, नंतरची काळी वर्षं, आणि मग ते गाणं. मुक्ता हसत हसत सांगत होती. "मार्केट यार्डात काकाच्या खोलीत राहायची मी. पहाटे ट्रक यायचे, हमालांची आरडाओरड असायची. त्यात माझं ओरडणं कुणाला ऐकू जातंय? तोच माझा रियाज." स्टुडिओतले लोक हसले. मंदाकिनीकाकू म्हणाल्या, "किती साधी आहे नाही!" हेमाने एक चकली मोडली आणि खाल्ली नाही.

"आणि 'येत न्हाई जा' कुठून आलं?" निवेदकाने विचारलं.

"ते माझ्या एका मैत्रिणीमुळे आलं," मुक्ता म्हणाली.

हेमाचे कान गरम झाले. निवेदक म्हणाला, "तीच मैत्रीण आम्ही शोधून आणलीय," आणि पडद्यावर हेमाची खिडकी आली, खणाची साडी आली, हेमा आली.

"मागच्या रांगेत उभी राहायची ती, कोरसमध्ये," पडद्यावरची हेमा म्हणाली. "मी तिला 'नाही' म्हणायला शिकवायचे. ती म्हणायची, 'येत न्हाई, जा!'" मागून बासरी वाजायला लागली. "दोन ड्रेस होते तिला. माझी ओढणी नेऊन गॅदरिंगला उभी राहिली होती." आणि मग हेमाच्या डोळ्यांतलं ते पाणी, मोठं करून, संथ करून दाखवलं.

बस. एवढंच.

स्टुडिओत मुक्ताने तोंडावर हात ठेवला होता. "हेमा!" ती म्हणाली. "आगं, ती ओढणी अजून माझ्याकडंच हाय गं!" आणि तिचेही डोळे भरून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेमाच्या दिवाणखान्यातल्या लोकांनीही वाजवल्या. मंदाकिनीकाकूंनी डोळे पुसले. ऋतिकाने धावत येऊन आईला घट्ट मिठी मारली. श्रीधर म्हणाला, "एवढ्यासाठी मला तासभर दूध आणायला लावलं होतंस?"

हेमा हसली. हसण्यावाचून इलाज नव्हता. आयुष्यात एकदा तिने मनातली सगळी जळजळ बाहेर ओकली होती, आणि लोकांनी त्याचाच प्रसाद करून खाल्ला होता.

सोमवारी ऑफिसात प्राचार्य स्वतः टेबलाशी आले. "मैत्री असावी तर अशी," म्हणाले. बसमधल्या एका अनोळखी बाईने तिला बसायला जागा दिली. सोसायटीच्या कार्यक्रमात तिने 'खरी मैत्री' या विषयावर बोलावं, अशी विनंती आली. प्रत्येक कौतुकागणिक हेमाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि प्रत्येकाला ती म्हणायची, "अहो, कसचं काय!"

त्या आठवड्यातच एका संध्याकाळी, ती कुकर लावत असताना, फोन वाजला.

"हेमा? मी मुक्ताई."

हेमाने गॅस बारीक केला. टीव्हीवरचा आवाज हा नव्हता. हा पायऱ्यांवरचाच होता, थोडा जाड झालेला.

"बोल."

"मी पूर्ण बघितलं, हेमा. त्यांनी मला आधी दाखवलं होतं. त्यांना सगळंच लावायचं होतं. म्हणाले, मॅम, आग लागेल, पूर्ण आठवडा चालेल."

हेमाने ओट्याला टेकून विचारलं, "मग?"

"मग मी म्हणले, तेवढं काढा, न्हाई तर मी बसत न्हाई."

"का?" हेमाचा आवाज तिच्याही नकळत चढला. "का काढायला लावलंस? माझ्यावर उपकार?"

"उपकार न्हाई गं. त्यांनी सांगितलं, तुला मुलगी आहे. तिच्या वर्गातल्या पोरी बघणार ना. मला लोक रोज शिव्या घालतात, माझी कातडी जाड झालीय. तुझी न्हाई झालेली."

मुक्ताई पुढे म्हणाली, "आणि सुराचं तू बोललीस ते खरंय. मला काय म्हाईत न्हाई का? आजपण स्टेजवर अंतऱ्याला गेले की पोटात गोळा येतो. खोटं फक्त एक बोललीस. वडलांचं."

"म्हणजे?"

"सुदर्शननं बोलावलं, त्या दिवशी मी तुझ्याबरोबरच होते. तू घरी विचारलंच न्हाई. तिथंच म्हणलीस, 'ऑर्केस्ट्रात? आणि मी?' तुझे बाबा तर नंतर मला भेटले होते लक्ष्मी रोडला. म्हणले, हेमानं जायला पाहिजे होतं."

कुकरची शिट्टी झाली. हेमाला ती ऐकू आली, पण गॅस बंद करायला हात उचलला नाही. बाबांनी हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"ठेवू का?" मुक्ताईने विचारलं. "का शिव्या घालायच्या आहेत अजून? घाल की. आज मला वेळ हाय."

"ठेव," हेमा म्हणाली, आणि फोन तिनेच ठेवला.

जेवताना तिने श्रीधरला सगळं सांगितलं. तो भात कालवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे गाणं तिचं, गाडी तिची, आणि आता मोठं मनही तिचंच. तुझी पंचाईतच झाली."

इतरांनी ऐकलं असतं तर हसले असते, पण हेमाला रडू आलं. कारण नेमकं तेच झालं होतं. आतापर्यंत निदान एक आधार होता, की ती आपल्यापेक्षा वर गेली असली तरी माणूस म्हणून हलकी आहे. तोही आधार त्या फोनवर निघून गेला होता. हेवा आता पूर्वीपेक्षा जास्त वाटत होता, आणि त्याला टेकायला भिंतही उरली नव्हती.

जेवण झाल्यावर ती ऋतिकाच्या खोलीत गेली. पोरगी पलंगावर पालथी पडून काहीतरी बघत होती.

"ऋतू, टीव्हीवर दाखवलं ना, मी तसं बोलले नव्हते."

ऋतिकाने फोन बाजूला ठेवला. "माहितीये मला. मी आतच होते ना, आई. दार काय साउंडप्रूफ आहे का?"

"सगळं ऐकलंस?"

"हो."

"मग त्या दिवशी मिठी का मारलीस मला?"

ऋतिकाने खांदे उडवले. "सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू अशी बसली होतीस, जसं काही कुणी तुला ओरडलंय. मला कसंतरी झालं."

हेमा पलंगाच्या कडेला बसली. पोरीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "आजोबांनी मला कधी अडवलं नव्हतं. मीच गेले नाही. मला ते कमीपणाचं वाटलं होतं."

"ओके," ऋतिका म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, "आणि आता?"

"आता काय?"

"आता काय वाटतं?"

"आता जळते मी तिच्यावर," हेमा म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं होतं, आणि ते इतकं साधं निघालं की तिलाच नवल वाटलं.

"मला पण स्वराली आवडत नाही," ऋतिका म्हणाली. "वर्गातली. तिला सगळंच येतं." आणि ती सरकून आईला जागा करून देऊ लागली.

पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी हेमाने स्वतःहून मुक्ताईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मुक्ताईने दोन रिंगमध्येच उचलला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मुक्ताईचे गुडघे दुखत होते, हेमाला नुकतं रक्तदाबाचं निदान झालं होतं, त्यावर बोलणं झालं. कुणाची सासू कशी आणि कुणाला सासूच कशी राहिली नाही, त्यावरही झालं. मग मुक्ताई सहज म्हणाली की पानशेतच्या बाजूला तिने छोटंसं घर बांधलंय, समोर पाणी दिसतं, ये एकदा रहायला.

ती 'पानी' म्हणाली. हेमाने दुरुस्त केलं नाही. पण समोर पाणी दिसणारं घर म्हटल्यावर तिच्या पोटात पुन्हा ओळखीची कळ आली, आधीच्याइतकीच जोरात.

"केवढं आहे गं घर?" तिने विचारलं.

"मोठं न्हाई. तीन खोल्या."

"तीनच?" हेमा म्हणाली. तिला जरा बरं वाटलं, आणि ती चहाचं आधण ठेवायला उठली, फोन कानाला तसाच धरून.